असायलाच हवी अशी पोकळी

‘तुझे डोके पोकळ आहे’ म्हटले, तर राग येतो ना? पण सुलतानपूरची एखादी वहिनी ५ व्या महिन्यात सोनोग्राफीला गेली, की डॉक्टर बाळाच्या मेंदूत एक पोकळी मुद्दाम शोधतात! मेंदूच्या दोन अर्धगोलांमध्ये, दोन पातळ पडद्यांच्या आत ती असते. आत पाण्यासारखा द्रव. जन्मानंतर सुमारे ६ महिन्यांत पडदे बहुधा एकमेकांना चिकटतात. काहींची पोकळी जन्मभर राहते. तेवढ्यावरून घाबरू नये. मुष्टियोद्ध्यांत मात्र ती अधिक आढळते, ठोशांचा प्रताप! गर्भात ती दिसलीच नाही, तर अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा घडला नसल्याची शंका येते. मग पुन्हा सोनोग्राफी किंवा एमआरआय करून खात्री करतात.