शेवटचं अक्षर वाच

अगं, परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, ईसीसी रॅम मिळतेय, एकदम स्वस्त, घेऊन टाकू?" मी तेव्हाच विचारलं, स्टिकरचा फोटो कुठाय? जुन्या बाजारात ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक दुरुस्त करणारी रॅम फार स्वस्त मिळाली, की ती बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनची असते.

आधी आपलं मशीन ओळख, मग बाजारात जा. तुझ्याकडे आहे एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन-८. दोनच स्लॉट, एकेकाला ८ जीबी, म्हणजे सगळे मिळून १६. त्यापुढे ते मशीन जात नाही, कुणी कितीही सांगो. लागते डीडीआर-३, ईसीसी आणि अनबफर्ड. यातला 'अनबफर्ड' हा शब्द मी एकदा विसरले होते, त्याची गोष्ट ऐक.

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. दुकानदार म्हणाला, "ईसीसी आहे ताई, सर्व्हरची ओरिजिनल." खोटं काही बोलला नाही बिचारा. दोन पट्ट्या घेऊन आले, स्लॉटमध्ये टक्कन बसल्या. खाच जुळली, क्लिपा लागल्या, आणि माझं मशीन काही सुरू होईना. तासभर मी वीजपुरवठ्याला दोष देत बसले. पट्ट्या निघाल्या रजिस्टर्ड, म्हणजे रजिस्टर नावाची जादा चिप असलेल्या; अनबफर्डवर ती नसते. डीडीआर-३ मध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्ड दोन्हींची खाच एकाच जागी असते, त्यामुळे बसली म्हणजे चालणार असं धरायचं नाही.

या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्त का, तेही कळू दे. मोठमोठी डेटा सेंटर काही वर्षांनी सर्व्हर काढून टाकतात, त्यातून त्या ढिगाने बाजारात येतात. त्या झिऑन ई-५ सारखा प्रोसेसर असलेल्या मोठ्या मशीनच्या. आपल्या छोट्या मशीनला लागणारी अनबफर्ड ईसीसी मुळात कमी खपली, म्हणून जुनीही महागच. थोडे पैसे जास्त मोजावे लागले तर कुरकुर करू नकोस.

आता स्टिकर. त्यावर '२ आर एक्स ८ पीसी३एल-१२८००ई' अशी ओळ असते. १२८०० या आकड्यानंतरचं अक्षर बघायचं. ई असेल तर अनबफर्ड ईसीसी, आपली. आर म्हणजे रजिस्टर्ड, परत ठेव. यू म्हणजे साधी, ईसीसी नसलेली. तीनच्या पुढचा एल म्हणजे १.५ ऐवजी १.३५ व्होल्टवरही चालणारी, ती बिनधास्त घे. सॅमसंगची असेल तर काम आणखी सोपं: नंबर एम-३९१ ने सुरू झाला तर घ्यायची, एम-३९३ असेल तर रजिस्टर्ड.

स्टिकर फाटलेलं असलं तर काळ्या चिप मोज. साध्या पट्टीवर आठ नाहीतर सोळा, ईसीसीवर नऊ नाहीतर अठरा. चौसष्ट बिटांमागे आठ बिट राखणीला लागतात, त्यांची ती जादा चिप. आणि पट्टीच्या मधोमध वेगळ्या आकाराची एक मोठी चिप दिसली, तर तोच तो रजिस्टर. माघारी फीर.

ही राखण एक बिट चुकला तर दुरुस्त करते, दोन चुकले तर निदान ओरडून सांगते. याचं मूळ बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगकडे. शनिवार-रविवारी लावून ठेवलेलं त्याचं काम मशीन चूक सापडली की सोडून द्यायचं. वैतागून त्याने चूक दुरुस्त करणारी पद्धतच शोधली आणि १९५० साली छापली. वैतागाचा इतका चांगला उपयोग आपल्या घरात तरी कुणी केलेला नाही.

दुकानात पैसे देण्याआधी बदलून देण्याची मुदत पावतीवर लिहून घे. तोंडी बोलीवर जाऊ नकोस. दोन्ही पट्ट्या एकाच नंबरच्या घे. घरी आल्यावर वायर काढ, मशीनच्या पत्र्याला हात लावून मगच पट्टी धर. सोनेरी दात काळवंडले असतील तर खोडरबर हलक्या हाताने फिरव, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नकोस. मग रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लाव. लाल ओळ एक जरी दिसली तरी सकाळी दुकान गाठायचं, "एकच तर आहे" म्हणून सोडायचं नाही.

सगळं नीट चाललं तरी एक काम उरतंच. लिनक्समध्ये डीएमआयडीकोड चालवून मेमरीची माहिती काढ. एकूण रुंदी ७२ आणि डेटाची ६४ दिसली पाहिजे. दोन्हीकडे ६४ दिसलं, तर पट्टी साधीच आहे, स्टिकर काहीही म्हणो. तुझ्या मशीनमधला सेलेरॉन प्रोसेसर स्वस्तातला, पण त्याला ईसीसी कळते. त्याच पिढीतल्या महागड्या आय-सेव्हनला कळत नाही.

आणि माझ्या त्या दोन रजिस्टर्ड पट्ट्या अजून कपाटात पडून आहेत. कुणाकडे जुना झिऑन ई-५ वाला सर्व्हर असेल तर सांग, फुकट देईन.