प्राण्यांच्या सिनेमातून वर्णभेद कळतो का?

प्रश्न : मी जोयडा तालुक्यात शिक्षिका आहे. वर्गात आफ्रिकी वंशाची सिद्दी मुलं आहेत. वर्णभेदावर बोलण्यासाठी 'झूटोपिया' दाखवू का?

उत्तर : बाई, जरूर दाखवा. २०१६च्या या चित्रपटात रेल्वेत वाघ शेजारी बसताच सशीण लेकराला जवळ ओढते. तोंडाने कुणी काही बोलत नाही, तरी मुलांना सगळं उमगतं.

पण प्राण्यांचं हे रूपक मुळातच लंगडं पडतं. या गोष्टीत वाघ-कोल्हे पूर्वी सशांना खरोखर खात असत, म्हणजे भीतीला काही आधार होता. सिद्दींबद्दलच्या पूर्वग्रहाला कसला आधार? त्यांच्या अनेक पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलं. पळून सुटलेले तुमच्या भागातल्या जंगलांत आले. शिवाय प्राण्यांच्या जाती निसर्गानेच वेगळ्या केल्या आहेत, माणसांच्या नाहीत. हे वर्गात स्पष्ट सांगाच.

कौतुकातला पूर्वग्रहही दाखवा. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावपटू घडवण्यासाठी निवडलं, कारण आफ्रिकी वंश म्हणजे उपजत वेग, अशी समजूत. काही वर्षांनी योजना गुंडाळली गेली.

चर्चेत सिद्दी मुलांना उदाहरण म्हणून उभं करू नका. त्यांना हवं तेव्हा बोलू द्या. आणि २०२० साली कर्नाटक विधान परिषदेवर गेलेल्या शांताराम सिद्दींची ओळख सगळ्या वर्गाला करून द्या.