'नाग' : एक शब्द, अनेक नावे आणि एक पदवी



आमच्या रविवारच्या वर्गाला येणाऱ्या नागसेन नावाच्या एका मुलाने मध्यंतरी विचारले, "सर, शाळेत मुले मला साप म्हणतात. माझे नाव बदलून मिळेल का?" प्रश्न साधा होता, पण आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. घरोघरी नागसेन आणि नागार्जुन आहेत. पण त्या नावातील 'नाग' म्हणजे काय, हे आपण मुलांना कधी सांगितले आहे काय?

आजच्या मराठीत नाग म्हटले की फणा काढलेला सापच डोळ्यांसमोर येतो. पाली भाषेत हा अर्थ आहेच, परंतु तेथे हत्तीलाही सर्रास नाग म्हणतात. धम्मपदाचा तेविसावा वग्ग म्हणजे 'नागवग्ग'. त्यात १४ गाथा असून त्यांतील नाग हा हत्ती आहे. हे ठाऊक नसेल तर भाषांतर करणारा विद्यार्थी पहिल्याच ओळीला अडखळतो.

या शब्दाविषयी खुद्द तथागतांनीच खुलासा केलेला आहे. अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात तो प्रसंग येतो. श्रावस्तीत पसेनदी राजाचा 'सेत' नावाचा हत्ती वाद्यांच्या गजरात पाण्यातून बाहेर येत असतो आणि लोक "काय हा नाग!" म्हणून थक्क होतात. तेव्हा आयुष्यमान उदायी भगवंतांना विचारतात, लोक केवळ हत्तीलाच असे म्हणतात, की दुसऱ्या कशालाही? भगवान सांगतात की हत्ती, घोडा, बैल, साप, वृक्ष, माणूस, यांपैकी जे जे प्रचंड देहाचे दिसते त्याला लोक नाग म्हणतात. मी मात्र जो काया, वाचा व मनाने पाप करीत नाही त्याला नाग म्हणतो. पालीत 'आगु' म्हणजे पाप, अपराध; ते न करणारा तो नाग. व्याकरणकाराची व्युत्पत्ती म्हणून याकडे पाहू नये, ही शिकवणुकीसाठी केलेली शब्दाची फोड आहे. पण तिने शब्दाची दिशाच पालटली. देहाच्या आकारावरून मिळणारे नाव आचरणावरून मिळू लागले, म्हणजेच ते पदवी झाले. मज्झिम निकायातील रथविनीत सुत्ताच्या शेवटी सारिपुत्त आणि पुण्ण मन्तानीपुत्त या दोघांना 'महानाग' म्हटले आहे ते याच अर्थाने. (हा पुण्ण आपल्या सोपाऱ्याशी जोडला जाणारा पुण्ण नव्हे, दोघांची गल्लत नेहमी होते.)

विनयपिटकातील एक कथा तर आमच्या विद्यार्थ्यासाठीच असावी अशी आहे. एका नागाला आपल्या नागजन्माची लाज वाटत होती. त्याने तरुणाचे रूप घेतले आणि भिक्खूंकडून प्रव्रज्या मिळवली. एके पहाटे झोपेत त्याचे मूळ रूप उघडे पडले आणि साऱ्या कुटीत त्याची वेटोळी पाहून दुसरा भिक्खू ओरडला. भगवंतांनी त्याला संघात ठेवले नाही, पण हिडीसफिडीसही केले नाही. उपोसथ पाळ, म्हणजे लवकरच मनुष्यत्व मिळेल, असे सांगितले. तो रडत निघून गेला. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी "तू मनुष्य आहेस ना?" असे विचारले जाते. थायलंडमध्ये भिक्खू होऊ घातलेल्या तरुणाला आजही 'नाग' याच नावाने हाक मारतात. ज्या नावाची लाज होती, तेच तेथे संघाच्या दारातले नाव झाले!

आता आपल्या परिसराकडे वळू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जाणाऱ्यांनी तेथील शिल्पपट नीट पाहावेत. बुद्ध कमळावर बसलेले आहेत आणि खाली त्या कमळाचा देठ नागांनी धरला आहे. त्या आकृती माणसाच्या असून मस्तकामागे फणा आहे. तेथील एका दानलेखात नागमूलनिका या स्त्रीचे नाव येते. ती महारठीची पत्नी होती, आणि तिच्या मुलाच्या नावातही 'नाग' आहे. परंतु जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो आणि त्यात अश्वमेधासारख्या वैदिक यज्ञांची यादी आहे. तेव्हा शिलालेखात 'नाग' दिसला की तो माणूस बौद्धच होता असे म्हणण्याची घाई आपल्या वक्त्यांनी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नागा साधूंचा 'नागा' तर 'नग्न' शब्दाकडे जातो. त्याचा येथे संबंध नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा शब्द लोकसमूहाचे नाव म्हणून घेतला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी दास, नाग व द्रविड यांची एकता मांडली. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात, दीक्षेसाठी हेच शहर का निवडले हे सांगताना, नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला असे सांगून त्यांनी नाग नदीचाही उल्लेख केला. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' ही नावे मिळाली. राजाचे नाव इमारतीला आणि भिक्खूचे नाव वनाला, ही जोडी मिलिंदपञ्ह या ग्रंथातील होय.

त्या ग्रंथातील दोघांच्या संवादाची सुरुवातच नावाच्या प्रश्नाने होते. मिलिंद राजा नाव विचारतो तेव्हा नागसेन म्हणतात, सब्रह्मचारी मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन, सूरसेन, वीरसेन, सीहसेन अशी नावे ठेवतात. पण हा केवळ व्यवहारापुरता शब्द आहे. मग राजा विचारतो, केस म्हणजे नागसेन काय? नखे म्हणजे नागसेन काय? उत्तरादाखल नागसेन त्यालाच विचारतात, तू रथातून आलास ना? मग चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय?

हा संवाद आम्ही वर्गात वाचून दाखवला. चिडवणाऱ्या मुलांना काय सांगायचे ते आमच्या नागसेनने आम्हांला सांगितले नाही. पुस्तक मात्र घरी नेले आहे, आणि नाव बदलण्याचा अर्ज अजून कोणी मागितलेला नाही.