तो अनोळखी निरोप्या

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ७० ते ७३



आज ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही फार उशिरा कळलं.

आधी गोष्ट. जरासंधाच्या दिग्विजयात जे राजे त्याला शरण गेले नाहीत, ते त्याने गिरिव्रजात कोंडून ठेवले. एकदोन नाही, २०,८००! इकडे द्वारकेत कृष्णाची सभा भरलीय. तेवढ्यात दाराशी एक माणूस येतो. त्याला याआधी कुणी पाहिलेलं नाही. तो आत येऊन त्या राजांचं गाऱ्हाणं मांडतो. मग नारद येतात, उद्धवाचा सल्ला होतो, भीम जरासंधाला मारतो आणि राजे सुटतात.

त्या माणसाचं नाव भागवत सांगत नाही. त्याने लढाई केली नाही, कुलूप तोडलं नाही. आत अडकलेल्यांचा आवाज बाहेर पोचवला, एवढंच. पण सुटका तिथून सुरू झाली.

आता आपल्याकडे या. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात पारधी, कैकाडी अशा समाजांना तारेच्या कुंपणाआड, सेटलमेंटमध्ये ठेवलं. रोज हजेरी. परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी!

कुंपण गेलं, शिक्का राहिला. अगदी तुरुंगांच्या नियमावल्यांतही राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांनी तो प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला कोर्टाने निकाल दिला, की तुरुंगात जातीवरून कामं वाटायची नाहीत आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजायचं नाही. निरोप पोचवला की काय होतं, ते बघा.

आणि माझं काय? आमच्या कॉलनीत एकदा चोरी झाली. सगळ्यांनी पहिलं बोट दाखवलं ते मोकळ्या प्लॉटवरच्या पालांकडे. मीही दाखवलं. दोन दिवसांत पालं उठली. चोर कोण, ते आजपर्यंत कळलेलं नाही. त्या संध्याकाळी मी हरिपाठ म्हटला होता, हे आठवलं की लाज वाटते.

हर्सूल जेलवरून आपण गाडीवर किती वेळा जातो! आत सगळे गुन्हेगारच, असं धरून चालतो. पण २०२२ च्या एनसीआरबी अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे साधारण तीन जण कच्चे कैदी आहेत. म्हणजे खटला अजून संपलेला नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही. काहींना जामीन मिळालाय, पण जामीनदार नाही, म्हणून ते आतच आहेत.

‘पण ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?’ प्रश्न बरोबर आहे. त्यालाही न्याय हवाच. पण खटला न चालवता माणूस आत ठेवल्याने त्याला न्याय मिळत नाही.

अध्याय ७३ मध्ये अजून एक गोष्ट आहे. सुटलेले राजे भुकेले, मळलेले, वाळलेले होते. कृष्णाने ‘सुटलात, आता जा’ असं म्हटलं नाही. त्यांना आंघोळ घालवली, कपडे दिले, जेवू घातलं आणि रथात बसवून आपापल्या गावी पोचवलं. आणि हा पाहुणचार जरासंधाच्याच मुलाकडून, सहदेवाकडून करवून घेतला! दार उघडलं की काम संपत नाही. घरी पोचेपर्यंत सोबत करायची असते.

आजची कृती

१. ओळखीत कुणाचं माणूस आत असेल तर त्यांना सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

२. हेही सांगा : आधी कधी दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार तो जामिनावर सुटू शकतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे किंवा एकाहून जास्त खटले असतील तर गोष्ट वेगळी. वकिलांना नक्की विचारा.

३. पुढच्या वेळी पालाकडे बोट जाईल, तेव्हा ते आवरा.

प्रार्थना : हे कृष्णा, तुझा जन्मच बंदिशाळेतला. आतल्यांचा निरोप घेऊन तुझ्या दाराशी येणारा तो बिननावाचा माणूस मला होऊ दे.

जय हरी! 🙏