होडीच्या इंजिनाचा कार्बोरेटर : साफ करा, भोक वाढवू नका

आम्ही कापडाचे व्यापारी, अंधेरीत आमचे दुकान. मग होडीच्या इंजिनाविषयी आम्ही का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण असे. मढच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या साडूंनी एक छोटी होडी घेतली, तेव्हा तिच्या आउटबोर्ड इंजिनात आमचीही थोडी रक्कम होती. पावसाळ्यात इंजिन दोन महिने पडून राहिले. नारळी पौर्णिमेनंतर ते नीट चालेना. एका मिस्त्रीने कार्बोरेटर खोलून जेटमधून लोखंडी तार फिरवली. इंजिन चालू झाले खरे, पण धूर ओकू लागले, पेट्रोल जास्त पिऊ लागले आणि आठवड्याभरात वर्सोव्याच्या खाडीच्या मुखापाशी प्लग काळा पडून बंद पडले. ओहोटीची वेळ होती. होडीत साडूंची दोन मुले होती. दुसऱ्या होडीने दोर टाकून त्यांना किनाऱ्याला आणले, म्हणून बरे.

त्यानंतर आम्ही कुर्ल्यातील एका जुन्या कारागिराजवळ बसून हे काम समजून घेतले. त्यांनी आयुष्यभर स्कूटरचे कार्बोरेटर खोलले आहेत. त्यांच्याकडून जे शिकलो, ते होडीवाल्यांच्या आणि हुन्नर हाती असलेल्या तरुणांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे मांडत आहोत.

बिघाड कशामुळे होतो?

कार्बोरेटरचे काम हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात मिसळणे हे आहे. खालच्या वाटीत पेट्रोल साठते. फ्लोट वर आला की सुई पेट्रोलचा रस्ता बंद करते, खाली गेला की उघडते. हवा अरुंद गळ्यातून जोराने जाते आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढून घेते. सावकाश चालीसाठी पायलट जेट आणि वेगासाठी मेन जेट असते.

इंजिन बंद ठेवले की वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. पायलट जेटचे भोक सर्वांत बारीक, म्हणून ते आधी बुजते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. समुद्राच्या दमट हवेत हा त्रास अधिक.

टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक धोका आहे. ज्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यात अर्धवट बुजलेल्या जेटमधून पेट्रोल कमी येते, तसे ऑइलही कमी येते. मग पिस्टन तापून जाम होतो. ५० : १ चे प्रमाण असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर ऑइल लागते. ऑइल समुद्री इंजिनाचे, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे घ्यावे आणि आपल्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेलेच प्रमाण पाळावे.

खोलण्यापूर्वी

प्रत्येक वेळी दोष कार्बोरेटरचाच असतो असे नाही. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे काय, रबरी पंप दाबल्यावर घट्ट होतो काय, पाइपला चीर आहे काय, फिल्टरमध्ये पाणी आहे काय, प्लग ठिणगी देतो काय, हे आधी पाहावे. जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. पुष्कळदा काम एवढ्यावरच भागते.

घरी काम करणे म्हणजे खोलीत करणे नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. उपनगरातल्या दहा-बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात गॅस आणि दुसऱ्या कोपऱ्यात फ्रीज असतो. म्हणून काम मोकळ्या अंगणात किंवा किनाऱ्यावर करावे. विडी-सिगारेट दूर ठेवावी, डोळ्यांना चष्मा लावावा.

साफसफाईची पद्धत

पेट्रोलचा पाइप सोडवा आणि वाटीतले पेट्रोल भांड्यात काढा. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो घ्या. दोन-तीन सिलिंडरच्या इंजिनात कार्बोरेटरही अनेक असतात. एका वेळी एकच खोला आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांची जुळणी हलवू नका.

पायलट स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि वहीत लिहा. जोर लावला तर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. मग वाटी उघडून फ्लोटची पिन, फ्लोट, सुई आणि जेट क्रमाने काढा. जेटच्या स्क्रूला नीट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा. पितळ मऊ असते.

रबर आणि प्लॅस्टिकचे सर्व भाग वेगळे ठेवा, ते कार्बोरेटर क्लीनरमध्ये फुगतात. धातूचे भाग क्लीनरने भिजवा आणि प्रत्येक रस्त्यातून हवा मारा. फवारा एका बाजूने मारला की दुसऱ्या बाजूने बाहेर आला पाहिजे. जेट उजेडासमोर धरा, भोक स्वच्छ गोल दिसले पाहिजे. अडलेच तर मासेमारीचा बारीक नायलॉन धागा फिरवा, लोखंडी तार कधीही नाही. एक मिलिमीटरचे भोक घासून १.१ झाले, तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. साडूंच्या इंजिनात हेच झाले होते. त्यावर उपाय एकच, त्याच आकड्याचे नवे जेट.

फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खळखळले तर तो बदला. सुईच्या टोकाला खाच पडली असेल तर ती बदला. गॅस्केट आणि ओ-रिंग जुन्या बसवू नका. दुरुस्ती किट घेताना इंजिनाचे मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून न्या. “जवळपास सारखे आहे” असे दुकानदार म्हणाला तर घेऊ नका.

जोडणी आणि चाचणी

फ्लोटची उंची पुस्तकातल्या मापाप्रमाणे ठेवा. कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून हळू फुंका, हवा अडली पाहिजे. सुलटा केला की हवा गेली पाहिजे. पायलट स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. सर्व बसवल्यावर रबरी पंप दाबून ठेवा आणि गळती नाही याची खात्री करा.

इंजिन कोरडे चालवू नये. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो. प्रोपेलर काढून इंजिन पाण्याच्या पिंपात चालवा, पाणी ओढण्याच्या जाळीच्या वर पाणी असू द्या आणि थंडाईच्या पाण्याची धार बाहेर येते काय ते पाहा. होडी खाडीत आधी किनाऱ्याजवळच फिरवून आणा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून बंदी लागते. इंजिन ठेवण्यापूर्वी पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत पिंपात चालवा, मग वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. एवढ्या मेहनतीने पुढची दुरुस्ती बहुधा टळते.

कारागिरांसाठी दोन शब्द

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. कार्बोरेटरवर पोट असलेल्या मिस्त्रींचे काम त्यामुळे घटत आहे. पण छोट्या होड्या, पेट्रोल जनरेटर आणि फवारणीचे पंप यांत कार्बोरेटर अजून आहे. हुन्नर तेच आहे, गिऱ्हाईक शोधावे लागेल. त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. जेटचा आकडा आणि स्क्रूच्या फेऱ्या गिऱ्हाइकाच्या नावाने वहीत लिहाव्यात. काढलेले जुने भाग पिशवीत घालून त्याला परत द्यावेत. पाण्यात चाचणी केल्याशिवाय इंजिन ताब्यात देऊ नये. जे काम येत नाही, ते येत नाही असे स्पष्ट सांगावे. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वासाने परत येते.

आमच्या धंद्यात गज खोटा असेल तर गिऱ्हाइकाचे चार बोटे कापड जाते. जेटचे भोकही मापच आहे. ते बिघडले तर नुकसान पेट्रोलावर थांबत नाही. होडी पाण्यात असते आणि तिच्यात कोणाची तरी मुले असतात.