आत गेलेल्या सुनेचा केसपेपर



मागच्या रविवारी कोपरीतल्या विहारात वंदना संपल्यावर एक मावशी मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी सुनेचे केसपेपर काढले. सून तीन आठवड्यांपासून तुरुंगात. तिला फिट्स येतात, रोज दोन वेळा गोळी चालू होती. "आतल्या डॉक्टरांना सांगितलं का?" आम्ही विचारले. मावशी म्हणाल्या, "कोणी भेटायलाच गेलं नाही गं. वस्तीत कळलं तर लोक काय म्हणतील?"

फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर झटके जोरात येतात, एकामागोमाग आले तर जिवावर बेतते. लाजेपायी तीन आठवडे गेले. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हा विषय.

आपल्या भागातली बाई अटक झाली की बहुधा ठाणे, कल्याणचे आधारवाडी किंवा भायखळ्याचे महिला कारागृह यांपैकी कुठेतरी जाते. देशात दर शंभर कैद्यांत बायका चारच्या आसपास. म्हणून तुरुंगाचा सगळा हिशेब पुरुषांचा. पाळी, गरोदरपण, अंगावर पिणारे मूल मागाहून आठवते. आणि दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

आपल्या बायका आत जातानाही धडधाकट नसतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. मनाचे दुखणे वेगळेच. 2002 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 12 देशांतल्या 62 पाहण्या एकत्र करून काढलेला हिशेब आला: तुरुंगातल्या दर शंभर बायकांत 12 जणींना तीव्र नैराश्य, 4 जणींना गंभीर मनोविकार. त्या पाहण्या बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या. आपल्याकडे लेकरांची ताटातूट आणि बदनामी यांची भर पडते, असे आम्हाला वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही आतल्या बायकांना जाऊन विचारणारे होते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात 15 स्त्री कैद्यांशी बोलणे केले. 5 जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतले आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवले. बायकांशी बोलायचे, पण दुसरे कोणी हजर नसताना, असा आदेश होता. फेब्रुवारी 1983 च्या निकालात बायकांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांचा पहारा आला.

'कोणी हजर नसताना' याचा अर्थ आम्हाला उशिरा कळला. आम्ही नर्स असताना ओपीडीत पहाऱ्यात एक कैदी बाई आली. पोटात दुखते, एवढेच बोलली. शिपाई पडद्याच्या आत उभा. "आणखी काही त्रास?" आम्ही घाईत विचारले. तिने शिपायाकडे बघून मान हलवली. आम्ही लिहिले, 'इतर तक्रार नाही'. जाताना ती आयाबाईंच्या कानात सांगून गेली की दोन महिने अंगावरून जाते आहे. आम्हाला ते दुपारी कळले. शिपायाला बाहेर थांबा म्हणायची हिंमत आम्ही केली नव्हती.

आता घरच्यांचे काम. फिट्स, टीबी, बीपी, साखर, एचआयव्ही, काहीही असो, केसपेपर आणि गोळ्यांच्या चिठ्ठीची झेरॉक्स लावून कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या: कारागृहाच्या डॉक्टरांनी हिला तपासून औषध चालू ठेवावे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. ती प्रत वकिलाला द्या. स्त्री आणि आजारी व्यक्ती यांच्या जामिनाचा कायदा वेगळा विचार करू देतो. वकील परवडत नाही म्हणून बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही वकील मोफत मिळतो. फोन 15100.

मुलाखतीची सगळी वेळ केस आणि जामीन यांतच जाते. आधी विचारा: झोप लागते का, जेवण जाते का, गोळी मिळते का, पॅड मिळतात का. जगावेसे वाटत नाही असे बोलली तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा. घरी मागे राहिलेल्यांचेही मन खचते, त्यांनी 14416 वर बोलावे.

गरोदर असेल तर 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या दवाखान्यात, जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव नाही, मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते.

आणखी एक विचारा, आत काम कोणते दिले. तुरुंगात संडास कोणाच्या हाताने साफ होत आले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर जातीवरून कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितले.

मावशींचा अर्ज आम्ही विहारातच लिहिला. मंगळवारी त्या पोच घेऊन आल्या. पुढच्या मुलाखतीला नातवालाही नेणार आहेत.