बाळाचा पहिला वाढदिवस : घरातच, थोडक्यात आणि कर्जाशिवाय



आपल्या घरातल्या आजी-आजोबांची जन्मतारीख विचारून बघा. अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेलं सापडेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. खरी तारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती. आज आपल्या बाळाची जन्मतारीख आणि वजन दोन्ही कार्डावर लिहिलेलं असतं. म्हणून पहिला वाढदिवस साजरा करावासा वाटला तर त्यात चूक काहीच नाही. तो आनंद आपल्या हक्काचा आहे. प्रश्न एवढाच, की तो दिवस बाळाला सोसतो का, आणि नंतर घराला काय भोगावं लागतं?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरी पहिला वाढदिवस झाला. गल्लीत मांडव, मोठ्या आवाजाची गाणी, दीडशे माणसं. केक दुपारी चारला आणलेला. मामा गावाहून येईपर्यंत थांबायचं ठरलं आणि तो कापला रात्री साडेनऊला. झोपलेल्या बाळाला उठवून केकसमोर धरलं. सगळ्या फोटोंत ते रडतंच आहे. दुसऱ्या दिवशी बाळाला आणि शेजारच्या तीन पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्यांवर पोरं सावरली, पण महिन्याच्या वजनाला बाळाचा काटा मागे आला. आई हळूच म्हणाली, "सिस्टर, व्याजाचे पैसे द्यायला लागतात. दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलंय."

त्या ताईला दोष द्यायला आम्ही हे लिहीत नाही. नर्सची नोकरी करत असताना आमच्या थोरलीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्हीही दोन पगार उडवले होते. तिला त्यातलं काहीही आठवत नाही. 'लोक काय म्हणतील' हा धाक सगळ्यांनाच असतो. म्हणून वेगळा वाढदिवस कसा करायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी कार्ड, मग केक

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी बाळाचं कार्ड घेऊन अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात जा. तीन गोष्टी बघा.

१. वजन : वर्षाच्या बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट व्हायला हवं. पावणेतीन किलोचं जन्मलेलं बाळ सव्वाआठ किलोच्या आसपास. काट्यावरचा आकडा कार्डावरच्या रेषेवर मांडून घ्या.

२. दंडाचा घेर : अंगणवाडी ताईकडे रंगीत पट्टी असते. घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बाळ कुपोषित आहे. साडेअकराच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. मग वाढदिवस बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

३. लसी : नवव्या महिन्यानंतरची गोवर-रुबेलाची पहिली लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस झाला का? राहिला असेल तर लगेच घ्या. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो. गोवर गर्दीत फार झपाट्याने पसरतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा लहान मुलं दगावली. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. त्याची तारीख आजच लिहून घ्या.

वेळ बाळाची, माणसं मोजकी

वर्षाचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं. हा हट्ट नाही, त्या वयाचा स्वभाव आहे. त्याला या हातातून त्या हातात देऊ नका. आईबाप, आजी, नाहीतर ओळखीची मावशी, एवढ्यांच्याच कडेवर राहू द्या. बाळ झोपून, जेवून ताजंतवानं असतं ती वेळ धरा. सकाळी दहा ते बारा किंवा दुपारी चार ते सहा. दीड-दोन तास पुरेत. दहा बाय दहाच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं म्हणजे भरपूर. ती दोन पाळ्यांत आली तर आणखी बरं. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांना मोकळेपणाने सांगा, "बरे झालात की या." दाराशी बादली, मग आणि साबण ठेवा. हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, हा नियम आजोबांनाही.

सुरुवातीला तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील घ्या. दहा मिनिटं लागतात आणि घर शांत होतं. मेणबत्ती उंच फळीवर ठेवा. अगरबत्ती एकच, तीही खिडकीपाशी, कारण बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला सोसत नाही. आणि पाचवं शील घरात म्हणायचं अन् गल्लीच्या तोंडाशी बाटली उघडायची, हे जुळत नाही. बिडी-सिगारेटसुद्धा बाळापासून लांबच.

बाळाला सुती, सैल कपडे घाला. दृष्ट लागू नये म्हणून डोळ्यांत काजळ घालू नका. काही काजळांत शिसं असतं आणि ते बाळाच्या मेंदूला घातक आहे. गळ्यातला काळा दोरा आवळला जाऊ शकतो, तोही काढा.

पंचवीस माणसांचं जेवण

मूगडाळीची खिचडी (तांदूळ दोन किलो, डाळ एक किलो), मोड आलेल्या मटकीची उसळ (कोरडी मटकी एक किलो), पंचवीस उकडलेली अंडी, काकडी-गाजराची कोशिंबीर आणि दोन डझन केळी. यात डाळ आली, अंडं आलं, फळ आलं. आपल्या पोरांना रोज हवं तेच.

स्वयंपाक पाहुणे यायच्या आधी तासाभरात व्हावा आणि गरम वाढावा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि उरलेला भात रात्रभर तर मुळीच नको. पिण्याचं पाणी उकळून, गार करून झाकून ठेवा. घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, पिंपात हात बुडवू नका.

तिखट घालायच्या आधी बाळाची वाटीभर खिचडी बाजूला काढा. ती मऊ कुस्करून वर चमचाभर तूप घाला. वर्षाच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मध्ये एक-दोनदा खाऊ आणि आईचं दूध लागतं. पाहुण्यांच्या गडबडीत नेमकं तेच चुकतं. ते एका माणसाकडे सोपवा. बाळाने आधी कधी न खाल्लेला पदार्थ त्या दिवशी देऊ नका.

केक हवाच असेल तर घरचा करा. एक वाटी नाचणीचं पीठ, दोन पिकलेली केळी, अर्धी वाटी दूध, चमचाभर तेल, चिमूटभर खायचा सोडा. सगळं एकत्र कालवून इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवा. गोडी केळ्याची. दोन वर्षांपर्यंत बाळाला वरून साखर नको. मोठ्यांच्या वाट्यात गूळ घाला. विकतचा केक आणायचाच झाला तर लहान आणा, ऐन वेळी आणा, आणि त्याचं क्रीम बाळाच्या तोंडाला लावू नका.

घरातले धोके

- फुगे : फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशाला घट्ट चिकटतो. फुगे लावायचे तर हात पोचणार नाही इतके उंच लावा आणि फुटला की तुकडे लगेच उचला. गाडीवरच्या गॅसच्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो. तो ठिणगीने पेटतो. ते आणूच नका.
- फेसाचा फवारा : मेणबत्तीजवळ उडवला तर भडका उडतो.
- शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, सबंध द्राक्षं : पाहुण्यांच्या वाटीतून ही बाळाच्या तोंडात जातात.
- वाजणाऱ्या खेळण्यातले चपटे सेल : गिळले तर अन्ननलिका जळते. शंका आली तरी तडक दवाखाना.

घशात काही अडकलं आणि बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल तर बाळाला मांडीवर पालथं घ्या, डोकं खाली. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. नाहीच निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून आत-वर असं पाच वेळा दाबा. वर्ष न झालेल्या बाळाला पोट दाबू नका, छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करत राहा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा.

पैशाचा हिशेब

शेकडा पाच दराने दहा हजार काढले तर महिन्याला पाचशे रुपये नुसतं व्याज. अंडं साडेसात रुपयांना धरलं तर रोज एक याप्रमाणे महिन्याचे सव्वादोनशे होतात. म्हणजे एका रात्रीच्या मांडवाच्या व्याजात दोन पोरांना महिनाभर रोज एक अंडं मिळालं असतं. मुद्दल तर बाजूलाच.

म्हणून हातात असेल तेवढ्यातच भागवा. जवळच्यांना आधीच सांगा, "खेळणं आणू नका. अंडी आणा, फळं आणा, नाहीतर चित्रांचं पुस्तक आणा." पाकिटात आलेले पैसे बाळाच्या नावाने ठेवा. मुलगी असेल तर पोस्टात अडीचशे रुपयांत सुकन्या समृद्धी खातं उघडतं.

शेवटी बाळाला भिंतीशी उभं करा, पेन्सिलीने उंचीची खूण करा आणि बाजूला आजची तारीख लिहा. आजीला लिहिता येत असेल तर तिच्या हातून लिहून घ्या. पुढच्या वर्षी त्याच भिंतीशी बाळ किती वाढलं ते सगळ्यांना दिसेल.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!